लोखंडाच्या मुळाक्षरांतला गळालेला बीटा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

हिंगोली जिल्हा म्हटले की औंढ्याचा नागनाथ आठवतो, नर्सीचे संत नामदेव आठवतात, वसमतची हळद आठवते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या लहानशा जिल्ह्याला २०१६ नंतर आणखी एक ओळख मिळाली. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी करायचे ठरले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती बातमी जाहीर झाली आणि त्याच महिन्यात भारत सरकारने लायगो-इंडिया प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि इंदूरचे राजा रामण्णा केंद्र या कामात आहेत.

या वेधशाळेतले लेझर, आरसे, एकमेकांत विलीन होणारी कृष्णविवरे यांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. आज मला बोलायचे आहे ते त्यातल्या नळीविषयी. काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रत्येक भुजेत एक नळी. इतकी रुंद, की आत माणूस वाकून सहज चालू शकेल. तिच्यातली हवा काढून टाकायची. किती? तर वातावरणाच्या दाबाचा लाख कोटींवा भाग उरेल इतकी. अमेरिकेतल्या दोन्ही वेधशाळांच्या नळ्या ३०४ एल नावाच्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याच्या आहेत, जाडी जेमतेम ३ मिलिमीटर. औंढ्याचा आराखडाही त्याच धर्तीवरचा आहे.

या पोलादाची गंमत अशी, की त्यातल्या लोखंडाचे अणू ज्या मांडणीत बसलेले असतात, ती शुद्ध लोखंडात ९१२ अंश सेल्सिअसच्या खाली टिकतच नाही. म्हणजे जे रूप लोहाराच्या भट्टीत, तेही चांगले लालभडक झाल्यावर जन्माला येते आणि गार होताच नाहीसे होते, ते रूप इथे मराठवाड्याच्या हिवाळ्यातही आपली जागा सोडत नाही. भट्टीतले हे रूप माणसाला कसे कळले, त्याला नाव कसे मिळाले आणि ते बाहेर थंडीत कसे टिकवता आले, याची कथा दीडशे वर्षांची आहे. तिच्यात एक मोठे भांडणही आहे.

पाणी देणे

लोखंडाशी आपली ओळख जुनी. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड येथे महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली आहे. ही माणसे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. तेव्हापासून गावच्या लोहारापर्यंत एक गोष्ट चालत आली. खुरपे, विळा, कुऱ्हाड भात्याने फुलवलेल्या विस्तवात लाल करायची, ऐरणीवर ठोकून धार काढायची, पुन्हा तापवायची आणि नेमक्या वेळी पाण्यात बुडवायची. याला ‘पाणी देणे’ म्हणतात. पाणी नीट बसले नाही तर कुऱ्हाड लाकडावर वाकते, जास्त बसले तर तुकडा उडतो. नेमकी वेळ लोहार रंगावरून ओळखतो. हा शब्द आपल्या भाषेत इतका मुरला आहे, की तलवारीला पाणी असते, तसा माणूसही आपल्याकडे पाणीदार असतो.

पोलादाच्या बाबतीत तर दक्षिण भारताचे नाव जगभर होते. मुशीत लोखंड आणि कोळसा बंद करून तयार होणाऱ्या पोलादाला युरोपीय लोक ‘वुट्झ’ म्हणत. त्याचे एक प्रसिद्ध केंद्र निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम. आज ते तेलंगणात आहे. पण १९५६ पर्यंत ते गाव आणि आपले हिंगोली एकाच हैदराबाद राज्यात होते. तिथल्या पोलादासाठी इराणी व्यापारी येत आणि त्याची पाती पश्चिम आशियाच्या बाजारात जात.

हे पोलाद इंग्लंडच्या प्रयोगशाळेत पोचले ते मुंबईमार्गे. डॉ. हेलेनस स्कॉट या मुंबईतल्या डॉक्टरांनी १७९४ मध्ये त्याचे नमुने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. पंचवीस वर्षांनी एका तरुणाने वुट्झ पुन्हा हाती घेतले. तो होता मायकेल फॅरडे, स्वतः लोहाराचा मुलगा. त्याला वाटले, की वुट्झचा गुण ॲल्युमिनियममुळे आहे. तो तर्क चुकीचा होता. पण त्या नादाने त्याने जेम्स स्टोडार्ट यांच्याबरोबर पोलादात निकेल, प्लॅटिनम, क्रोमियम असे एकेक धातू मिसळून पाहिले. निकेल आणि क्रोमियम ही दोन नावे लक्षात ठेवावीत. ती पुढे परत येणार आहेत.

तोफा का फुटतात?

पाणी दिल्याने पोलाद कठीण का होते, हा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो तोफांमुळे. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या ओबुखोव कारखान्यात पोलादी तोफा बनत. काही उत्तम निघत, काही पहिल्या माऱ्यातच फुटत. पोलाद तेच, कारागीर तेच. दिमित्री चेर्नोव या तरुण अभियंत्याने याचा माग काढला आणि १८६८ मध्ये सांगितले, की तापणाऱ्या पोलादात काही ठरावीक बिंदू असतात. त्यांतल्या एका बिंदूच्या खालूनच पोलाद पाण्यात बुडवले तर कितीही झटपट गार करा, ते कठीण होत नाही. तो बिंदू ओलांडला की होते. एवढे तापमान मोजणारे सोयीचे साधन तेव्हा नव्हते. चेर्नोवने हे बिंदू पोलादाच्या रंगावरूनच ठरवले, म्हणजे आपल्या लोहाराच्याच पद्धतीने. फरक एवढाच, की त्याने ते लिहून ठेवले आणि त्यातून नियम काढला.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉर्ज गोर यांना आणखी एक चमत्कार दिसला. ताणून धरलेली लोखंडी तार लाल करून निवू दिली, की ती आखडत जाते. सरळच आहे. पण मध्येच एका क्षणी ती आखडायची थांबून चक्क थोडी लांब होते आणि मग पुन्हा आखडू लागते. १८७३ मध्ये विल्यम बॅरेट यांनी अंधारात पाहिले, तर त्याच सुमारास निवत चाललेली तार अचानक पुन्हा उजळते. घन लोखंडाच्या आत काहीतरी उलथापालथ होत होती आणि तिच्यातून उष्णता बाहेर पडत होती.

१८८७ च्या सुमारास फ्रान्समध्ये ल शातेलिए यांनी प्लॅटिनम आणि ऱ्होडियमच्या तारांची तापमापक जोडी तयार केली आणि भट्टीतले तापमान भरवशाने मोजता येऊ लागले. फ्लोरिस ऑसमाँ या फ्रेंच अभियंत्याने तिचा उपयोग करून लोखंड निवताना कुठे कुठे अडखळते याची नोंद केली आणि निष्कर्ष काढला, की लोखंड एक नाही. कोळसा आणि हिरा जसे कार्बनचेच दोन अवतार, तशीच लोखंडाचीही रूपे आहेत. त्याने त्यांना ग्रीक मुळाक्षरे दिली. साधे, चुंबकाला चिकटणारे लोखंड ते अल्फा. त्याहून तापलेले, चुंबकत्व हरवलेले ते बीटा. त्याच्याही वरचे ते गॅमा. वितळण्याच्या जरा आधी आणखी एक रूप असल्याचे पुढे दिसले. त्याला डेल्टा हे नाव मिळाले.

बीटावाले आणि कार्बनवाले

इथून भांडण सुरू झाले. ऑसमाँचे म्हणणे असे, की पाणी दिलेले पोलाद कठीण होते, कारण भट्टीतले बीटा लोखंड गार होताना तसेच अडकून राहते आणि बीटा हेच मुळात कठीण रूप आहे. कार्बन फक्त त्याला अडकवायला मदत करतो. याउलट शेफील्डचे प्राध्यापक जॉन आर्नोल्ड आणि त्यांचा पक्ष म्हणे, की कठीणपणा कार्बनचाच; लोखंडाच्या रूपांच्या गोष्टी करण्याचे कारण नाही. कार्बन नसलेले शुद्ध लोखंड कितीही पाण्यात बुडवा, ते कुठे तसे कठीण होते? युरोप-अमेरिकेतल्या धातुशास्त्रज्ञांच्या सभांतून हा वाद वर्षानुवर्षे रंगला.

तो केवळ पंडितांचा नव्हता. रेल्वेचे रूळ, आगगाडीचे आस, तोफा, पूल सगळे पोलादाचे. आस मोडला तर माणसे मरतात. तो कशामुळे मोडतो, हे या वादाच्या निकालावर अवलंबून होते. वादातून निष्पन्न काय झाले? लंडनच्या टांकसाळीतले विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी १८९० च्या दशकाअखेर लोखंड आणि कार्बन यांचा नकाशाच मांडला : किती कार्बन, किती तापमान, म्हणजे कोणते रूप. आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तो नकाशा पाठ करावा लागतो. ऑसमाँने त्यांच्या नावावरून कार्बन सामावलेल्या गॅमा लोखंडाला ‘ऑस्टेनाइट’ म्हटले आणि बर्लिनच्या आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून पाणी दिलेल्या कठीण पोलादाच्या रचनेला ‘मार्टेन्साइट’.

पण आत खरे काय आहे, हे कोणी पाहिले नव्हते. सूक्ष्मदर्शकात धातूचे कण दिसत, अणू दिसत नसत. ते दाखवले क्ष-किरणांनी. १९१७ मध्ये अमेरिकेत आल्बर्ट हल यांनी साध्या लोखंडाची मांडणी उलगडली. मग स्वीडनचे आर्ने वेस्टग्रेन यांनी धाडसी गोष्ट केली. लोखंडाची तार विजेने तापवून, ती लाल असतानाच तिच्यावर क्ष-किरण सोडले. १९२१ मध्ये निकाल हाती आला. ८०० अंशांना, म्हणजे बीटाच्या घरात, मांडणी अगदी अल्फासारखीच. १००० अंशांना, म्हणजे गॅमाच्या घरात, मांडणी निराळी. आणि १९२२ मध्ये फ्रागमेन यांच्यासह केलेल्या प्रयोगात दिसले, की डेल्टाची मांडणी पुन्हा अल्फासारखी.

ज्या बीटावर एवढे रण माजले होते, ते वेगळे रूपच नव्हते! ७७० अंशांना लोखंडाचे चुंबकत्व जाते, एवढेच. या गुणधर्माचा कसून अभ्यास पिएर क्यूरी यांनी १८९५ मध्येच केला होता. अणूंची घरे तीच राहतात. म्हणून आज पाठ्यपुस्तकात अल्फानंतर एकदम गॅमा येतो आणि मुलांना प्रश्न पडतो, मधला बीटा कुठे गेला? तो असा गळाला.

मोसंबीची रास

या मांडण्या आहेत तरी कशा? एक चौरस खोली कल्पावी. तिच्या आठ कोपऱ्यांत एकेक अणू आणि खोलीच्या मधोमध एक, ही अल्फा लोखंडाची मांडणी. आठ कोपऱ्यांत एकेक, आणि चार भिंती, जमीन व छत यांच्या मध्यावर एकेक, ही गॅमाची. दुसरी मांडणी म्हणजे फळवाल्याने रचलेली मोसंबीची रासच. चेंडू याहून दाट रचता येत नाहीत. पहिल्या मांडणीत ६८ टक्के जागा भरते, दुसरीत ७४ टक्के. म्हणून लोखंड तापवत ९१२ अंशांवर नेले, की ते प्रसरण पावायचे सोडून सुमारे एक टक्का आक्रसते, आणि निवताना त्याच ठिकाणी फुगते. गोर यांची तार मध्येच लांब झाली ती यामुळे.

आता गंमत पहा. दाट रचलेल्या गॅमात मोकळी जागा कमी, तरी कार्बन सामावतो जास्त. कारण अल्फामध्ये मोकळी जागा असंख्य चिंचोळ्या फटींत वाटली गेली आहे, तर गॅमात ती थोड्या पण ऐसपैस पोकळ्यांत आहे. कार्बनचा अणू गॅमाच्या पोकळीत बऱ्यापैकी बसतो. गॅमा दोन टक्क्यांपर्यंत कार्बन पोटात घेऊ शकतो. अल्फा जेमतेम पन्नासाव्या हिश्शाचा टक्का. सावकाश निवू दिले तर गॅमाचा अल्फा होताना कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो. पाण्यात बुडवले तर तो मिळत नाही. लोखंडाचे अणू झटक्यात घर बदलतात आणि कार्बन आतच अडकतो. खोली एका बाजूने ताणली जाते, उभट होते. हाच मार्टेन्साइट. एका थरावरून दुसरा थर सरकू शकत नाही, म्हणून पोलाद कठीण आणि म्हणूनच ठिसूळही.

म्हणजे निकाल काय लागला? लोखंडाचे रूप बदलते, हे ऑसमाँचे म्हणणे खरे ठरले. त्याशिवाय पाणी बसलेच नसते. कठीणपणाला कार्बन हवाच, हे आर्नोल्डचे म्हणणेही खरे ठरले. चुकला तो फक्त बीटा. आणि आपला लोहार ज्या रंगाची वाट पाहत भाता ओढत असतो, तो गॅमा तयार झाल्याचा रंग असतो.

एक प्रश्न उरतो. उष्णतेने वस्तू सैल होते. मग दाट मांडणी थंडीत आणि सैल मांडणी उष्णतेत, असे का नाही? लोखंडात उलटे का? याचे उत्तर चुंबकत्वात आहे. अणूंची चुंबकीय एकजूट सैल मांडणीला बळ देते. लोखंड चुंबकीय नसते तर ते नेहमीच्या तापमानालाही दाट रचलेलेच राहिले असते. तापता तापता ती एकजूट मोडते, मग दाट गॅमाची सरशी होते. आणखी तापवले, १३९४ अंशांच्या वर, की अणूंच्या धडपडीला सैल मांडणीच सोयीची पडते आणि डेल्टा येतो. १५३८ अंशांना सगळेच वितळते. तेव्हा बीटा हे वेगळे रूप नसले, तरी ज्या चुंबकत्वामुळे ते कल्पिले गेले, तेच या साऱ्या नाट्याचे सूत्रधार निघाले.

थंडीत टिकलेला गॅमा

दोन मांडण्यांमधली ही चुरस फार थोड्या फरकाची असते. म्हणूनच तराजूत जरासे वजन टाकले की पारडे फिरते. निकेल हे तसे वजन. निकेलची स्वतःची मांडणी मोसंबीच्या राशीची. ते पुरेसे मिसळले की गॅमाला खालच्या तापमानातही आधार मिळतो. मँगनीजही तेच काम करते. क्रोमियमचा कल खरे तर अल्फाकडे. पण ते पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरते, म्हणून गंज चढत नाही. दोन्ही एकत्र आणली ती जर्मनीत एसेनच्या क्रुप कारखान्यात, १९१२ च्या सुमारास, एडुआर्ड माउरर आणि बेन्नो श्ट्राउस यांनी. सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. पुढच्याच वर्षी शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनीही न गंजणारे पोलाद बनवले, पण ते निकेलविना होते, पाणी देऊन कठीण करायचे, सुऱ्यांच्या कामाचे. आपल्या ताट-वाट्यांची आजी म्हणजे क्रुपचे पोलाद. चांगल्या भांड्यावर ‘१८/८’ असे कोरलेले असते ते याच प्रमाणावरून.

हा गॅमा टिकतो खरा, पण तो काही निसर्गाचा अंतिम निवाडा नव्हे. घाट उतरता उतरता खाचेत अडकून राहिलेल्या धोंड्यासारखी त्याची स्थिती असते. जोराचा धक्का बसला तर तो खाली येतो. घरी करून पाहता येईल. निकेलच्या स्टीलच्या खोल डब्याला चुंबक लावावे. सपाट तळाला तो लागणार नाही. पण जिथे पत्रा दाबून वळवला आहे त्या कडेला थोडासा ओढला जाईल. तिथे दाबामुळे गॅमाचा मार्टेन्साइट झालेला असतो. आणि हो, चुंबक लागला नाही म्हणून भांडे भारी, असे समजू नये. आपल्याकडे निकेल वाचवून मँगनीज घातलेले स्टील खूप चालते. त्यालाही चुंबक लागत नाही, पण ते गंजाला तितकेसे दाद न देणारे नसते.

आता औंढ्याच्या नळीकडे वळू. तिथे गॅमाच का हवा? एक तर तो चुंबकीय नसल्यासारखाच. आणि तो लवचीक. पत्रा वळवून, किलोमीटरच्या किलोमीटर सांधे जोडता येतात, थंडीने तो ठिसूळ होत नाही. पण धातूच्या पोटात हायड्रोजन दडलेला असतो. तो हळूहळू झिरपत राहिला तर पोकळी कधीच शुद्ध होणार नाही. म्हणून अमेरिकेतल्या नळ्यांचा पत्रा आधी साडेचारशे अंशांच्या आसपास भाजून काढला होता. नावातला ‘एल’ म्हणजे कार्बन फारच कमी, ०.०३ टक्क्याच्या आत. कार्बन जास्त असता तर सांधा जोडताना त्याने क्रोमियम पकडून ठेवले असते आणि सांध्याशेजारी गंजाला वाट मिळाली असती. ज्या कार्बनसाठी कोनासमुद्रमचे कारागीर मूस बंद करत, तोच इथे नकोसा.

या सांध्यांत आणखी एक पाहुणा असतो. जोडताना पोलाद वितळते आणि गोठताना अशा सांध्यात आधी डेल्टा जन्मतो. त्यातला बहुतेक पुढे गॅमात बदलतो, पण थोडा डेल्टा तसाच ठेवला जातो, मुद्दाम. तो अजिबात नसेल तर गोठणाऱ्या सांध्याला बारीक भेगा पडण्याची भीती असते. आणि चार किलोमीटरच्या नळीत केसाएवढी भेगही चालणार नाही. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून सूक्ष्म हालचाल टिपायची, तर प्रकाशाच्या वाटेत हवेचा अडथळा नको.

लायगो-इंडियाला मंजुरी देताना २०३० चे उद्दिष्ट सांगण्यात आले. ही वेधशाळा सुरू झाली, की लहर आकाशातल्या नेमक्या कोणत्या दिशेने आली हे सांगणे खूप सोपे होईल, कारण अमेरिकेतल्या वेधशाळांपासून आपण फार दूर आहोत. तेव्हा बातम्या कृष्णविवरांच्या येतील, आणि त्या यायलाच हव्यात. गावात शाळकरी मुले वेधशाळेबद्दल विचारतील, तर त्यांना कृष्णविवरांबरोबर लोहाराचा भाताही दाखवावा. त्या निखाऱ्यांत लाल होणाऱ्या खुरप्यात गॅमा काही क्षण अवतरतो आणि जातो. नळीत त्याला मुक्कामाला ठेवायचे आहे.